एकतीस नंबरचं कुलूप

कडी लावायला किती थोडा जोर लागतो, हे त्याला त्या रविवारी दुपारी कळलं. नुसतं बोट लावून ढकलली तरी बसते. भांडण तसं नेहमीचंच होतं. मुलीला मैत्रिणीकडे नाटकाच्या तालमीला जायचं होतं, चाचणी दोन दिवसांवर होती, त्याने नको म्हटलं, आणि ती म्हणाली, "तुला काय कळतं त्यातलं? तू जन्मभर दुसऱ्यांच्या घरांच्या रेघा मारतोस." सोळा वर्षांच्या मुली असं बोलतातच. पण रेघा हा शब्द त्याला कुठेतरी जाऊन लागला, आणि पुढच्या क्षणी त्याने तिला दंडाला धरून तिच्या खोलीत ढकललं होतं, दार ओढलं होतं आणि बाहेरून कडी लावली होती. खरं तर या घरातल्या एकाही दाराला बाहेरून कडी नव्हती. घर घेतलं तेव्हा त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, सुतार बोलावून सगळ्या बाहेरच्या कड्या काढवल्या होत्या. ही एकच रंगाच्या थराखाली राहून गेली होती, आणि वीस वर्षं कुणाच्या लक्षात न आलेली ती कडी त्याच्या हाताला मात्र बरोबर सापडली. आतून मुलगी ओरडली नाही. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले अण्णा उठले, एकोणऐंशी वर्षांचे अण्णा, काठी न घेता, स्टूल ओढत आले आणि दाराला पाठ लावून बसले. "मी इथंच बसलोय गं," ते दाराला म्हणाले. मग त्याच्याकडे बघून, आवाज अजिबात न चढवता, "शेवटी त्याचाच नातू," एवढंच बोलले. त्याने कडी काढली. मुलगी बाहेर आली, माठातलं पाणी प्यायली, आणि त्याच्या अंगावरून अशी गेली की तिथे कपाट असावं.

तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. बोलत नव्हती म्हणजे तोंडाला कुलूप घातलं होतं असं नाही, अण्णांच्या मार्फत सगळं सांगत होती. "आजोबा, त्यांना सांगा, सहलीच्या कागदावर सही हवीय." त्यांना! जन्मल्यापासून ज्याला ती अरे-तुरे करत आली, त्याला एका कडीने ती 'त्यांना' म्हणायला लागली होती. बायकोने दोन्हीकडून समेटाचा प्रयत्न केला आणि शेवटी "तुमचं तुम्ही बघा" म्हणून हात झटकले. त्याने माफी मागायचं ठरवलं नाही असं नाही. तीनदा तो तिच्या खोलीशी जाऊन उभा राहिला, पण तोंड उघडलं की अण्णांचं वाक्य आडवं यायचं. त्याचाच नातू. आपण जे केलं ते आपण केलंच नसेल, ते आपल्या अंगात आधीपासून भरून ठेवलेलं असेल, तर माफी कसली मागायची? आणि पुन्हा होणार नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आजोबा त्याने पाहिले नव्हते. अण्णा सहा वर्षांचे असताना ते छातीच्या दुखण्याने गेले, त्यांच्यामागून चार वर्षांत आजीही गेली, आणि अण्णा मामाकडे वाढले. मामाला मेव्हणा कधीच पसंत नव्हता, त्यामुळे त्या घरात आजोबांची बाजू घेणारं कुणी नव्हतं. आजोबा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते आणि कारखान्याच्याच कामगार-इमारतीत एका खोलीत बिऱ्हाड होतं, एवढी माहिती. बाकी सगळी अण्णांची आठवण, आणि ती आठवण म्हणजे तीन गोष्टी. अण्णा त्या फार क्वचित सांगत, पण सांगत तेव्हा त्याच क्रमाने सांगत. एक, बाप बाहेरून कुलूप घालायचा आणि खोलीत दिवसाही मिट्ट काळोख व्हायचा. दोन, पायाला काहीतरी बांधून ठेवायचा, लांब जाता यायचं नाही. तीन, त्या काळोखात आपल्याशिवाय दुसरं काहीतरी असायचं, मोठं, आणि ते श्वास घ्यायचं. "जनावर असेल," अण्णा म्हणत. "मी गप्प बसावं म्हणून आत सोडत असेल." लहानपणी हे ऐकून त्याची पाचावर धारण बसायची. मोठेपणी त्याने मुलीला हे कधी सांगितलं नाही, पण घरात दारं उघडी ठेवायची रीत होती, न्हाणीघराचं दारसुद्धा अण्णा नुसतं लोटून घेत आणि आत आहोत हे कळावं म्हणून मोठ्याने खोकत. नवीन पाहुणा आला की या खोकल्याचा उलगडा करता करता बायकोची पुरेवाट व्हायची. त्या माणसाच्या मुलाने जन्मभर कड्या काढल्या, आणि नातवाने शोधून एक लावली. हे रक्तच नाही तर काय, असं तो ऑफिसात ट्रेसिंगच्या कागदावर पट्टी धरून स्वतःला विचारायचा, आणि रेघ वाकडी जायची.

नगरपालिकेच्या इमारत खात्यात तो नकाशे काढायचा, अठ्ठावीस वर्षं. ऑफिसात त्याला फूटपट्टी म्हणत, तोंडावरसुद्धा. पाडायच्या इमारतींची मोजमापं त्याच्याकडे यायची, आणि कडीच्या त्या रविवारनंतर दहा-बारा दिवसांनी टेबलावर जी यादी पडली तिच्यात बाटली कारखान्याची कामगार-इमारत होती. कारखाना बंद होऊन जमाना झाला होता, इमारत तेवढी उरली होती. त्याने जुना मूळ नकाशा मागवला. चार मजले, प्रत्येक मजल्यावर बारा खोल्या, पुढे सामाईक सज्जा. प्रत्येक खोली दहा फूट बाय अकरा फूट, एक दार, दारावर एक झरोका, खिडकी नाही. एरवी असला नकाशा तो पाच मिनिटांत वाचून बाजूला ठेवायचा. त्या दिवशी तो तासभर त्या दहा बाय अकरामध्ये फिरत राहिला. चूल कुठे असेल, हंडा कुठे, लहानगं पोर कुठल्या कोपऱ्यात बसत असेल. मग तो तळघरात दफ्तरवाल्याकडे गेला. हा माणूस धुळीने सतत शिंकायचा आणि प्रत्येक शिंकेनंतर फाइलीची माफी मागायचा. "भाडेकरूंची यादी आहे," तो म्हणाला, "पण तुम्हाला कशाला? पाडायला नावं लागत नाहीत." त्याने "असंच" म्हटलं. यादीत आजोबांचं नाव होतं. तिसरा मजला, खोली एकतीस, भट्टीखाते, माणसं तीन. आणि शेऱ्याच्या रकान्यात, लाल शाईने: 'मूल कोंडून ठेवल्याबद्दल ताकीद. पाहा, निरीक्षकाची वही.'

मनात ज्याचा संशय असतो ते लिहिलेलं दिसलं की माणसाला धक्का बसायला हवा. त्याला तसं काही झालं नाही. तो दफ्तरवाल्याच्या स्टुलावर बसला. म्हणजे हे अण्णांच्या डोक्यातलं नव्हतं, सरकारी माणसाने पाहिलेलं होतं, लाल शाईत होतं. निरीक्षकाची वही कुठे मिळेल हे त्याने विचारलं, पण असं विचारलं की मिळू नये. "आरोग्य खात्याची दफ्तरं मागच्या खोलीत. शोधायला लागतील," दफ्तरवाला म्हणाला आणि शिंकला. "घाई नाही," तो म्हणाला. आणि खरंच त्याने घाई केली नाही. पुढचे तीन आठवडे तो त्या तळघराकडे फिरकला नाही. घरी अण्णा समोर बसले की त्याला वाटे, सांगून टाकावं, तुमचं खरं होतं. पण त्याने कुणाचं भलं होणार होतं? मुलीच्या खोलीचं दार ती आता दिवसरात्र सताड उघडं ठेवायची, अभ्यास करताना, झोपताना. अण्णांना त्याचं समाधान वाटायचं. त्याला मात्र त्या दारावरून जाताना मान खाली घालावी लागायची.

मोजमापाला जायची तारीख टाळता येण्यासारखी नव्हती. इमारत बहुतेक रिकामी झाली होती. दारं काढून नेलेली, सज्ज्याच्या कठड्याला कुणाची तरी विसरलेली दोरी. टेपचं टोक धरायला सोबत आलेला शिपाई खालच्या मजल्यावर पाणी शोधत राहिला आणि तो एकटाच तिसऱ्या मजल्यावर गेला. एकतीसला दार नव्हतं, चौकट होती. चौकटीत बाहेरच्या बाजूला कुलपाचा कोयंडा होता, गंजून जाड झालेला. त्याने त्याला हात लावला नाही. आत जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरले तर भिंती लागतील असं वाटण्याइतकी लहान खोली, आणि तरी तीन माणसांनी तिथे संसार केला होता. झरोक्यात अजून जुन्या कागदाचे बोळे कोंबलेले होते, एकावर एक, दगडासारखे घट्ट. हे मुद्दाम केलेलं होतं. उजेड येऊ नये म्हणून. एवढ्याशा पोराला काळोखात ठेवायला माणूस इतकी मेहनत घेतो? शेजारून कुणीतरी ओरडलं, "पाडायला आलास का? मला आधी सामान काढू दे!"

तीस नंबरात एक म्हातारी होती, शहाऐंशीची, वळकटीवर बसून भांडी पोत्यात भरणारी. ती याच खोलीत जन्मली होती आणि सोमवारी भाच्याकडे जाणार होती. तो नुसता मोजायला आलाय हे ऐकल्यावर तिने त्याला एक उलटं पातेलं बसायला दिलं. एकतीसमध्ये आपले आजोबा राहायचे असं तो बोलून गेला, आणि नाव सांगितल्यावर म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"भट्टीवाला? उंच? त्याचा नातू का तू! त्याच्यासारखा दिसत नाहीस. तो देखणा होता."

"तुम्हाला आठवतात ते?"

"मी अकरा वर्षांची होते. सगळं आठवतं. आठवत नाही ते कालचं."

तो पातेल्यावर सावरून बसला. विचारायचं नाही असं ठरवलेलं विचारलंच. "ते माझ्या वडिलांना आत कोंडून बाहेरून कुलूप घालायचे. खरं का?"

म्हातारी हातातला डाव पोत्यात टाकता टाकता थांबली. मग हसायला लागली, बोळक्या तोंडाने, खांदे हलवत. "अरे वेड्या, कोंडलेला तुझा आजोबा होता!"

त्याला काही कळलं नाही. तिला ते दिसलं, आणि शाळेतल्या बाईंसारखं तिने सावकाश सांगितलं. भट्टी कधी विझत नसे, म्हणून रात्रपाळीची माणसं सकाळी येऊन दिवसभर झोपायची. आणि मुकादम दिवसा दारं ठोठावत फिरायचा. कुणी आजारी, कुणी गैरहजर, की हा झोपलेल्या माणसाला उठवून परत भट्टीवर उभा करायचा. नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात काम नाही. "म्हणून बायकांनीच ही युक्ती काढली. नवरा झोपला की बाहेरून कुलूप. मुकादमाला वाटायचं घर बंद आहे, गेलीत कुठेतरी. किल्ल्या सगळ्या माझ्या आईकडे. अकरा किल्ल्या असायच्या तिच्या कमरेला. आग लागली, कुणाला काही झालं, तर ती उघडायची. तुझी आजी दिवसपाळीला, बाटल्या धुवायला. ती कुलूप घालायची, किल्ली आईच्या हातात द्यायची आणि जायची. या इमारतीत कुलूप म्हणजे आत माणूस झोपलाय. पोराटोरांनाही ठाऊक होतं, कुलूप दिसलं की आम्ही सज्ज्यात चवड्यावर चालायचो."

"आणि माझे वडील?"

"ते बापाजवळ. दुसरं कुठे ठेवणार? आजी कामावर." तिने डाव पोत्यात टाकला. "एक दिवस निरीक्षक आला माणसं मोजायला. आईने घाबरून उघडून दिलं. त्याने काय लिहिलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून कुलपं घालायला बंदी. मग मुकादमाचं फावलं. तुझा आजोबा तेव्हापासून खोकायला लागला. दोन-दोन पाळ्या. माणूस काय लोखंड आहे?"

तो खाली उतरला तेव्हा शिपाई म्हणाला, "साहेब, मापं?" मापं घ्यायची राहिलीच होती. पुन्हा वर जाऊन सगळी मापं घेतली, आणि टेपचं टोक धरलेल्या शिपायाला साहेब मधेच का हसतात ते समजेना. पण पुरतं हसू येत नव्हतं. कुलपाचं कोडं सुटलं होतं, दिवसा झोपता यावं म्हणून बुजवलेल्या झरोक्याचंही सुटलं होतं, ते श्वास घेणारं जनावर कोण हे तर शेंबडं पोरही सांगेल. पायाला बांधलेलं मात्र राहिलं होतं. बाप झोपलेला असेना, कितीही थकलेला असेना, पोराला बांधून ठेवायचं? म्हातारीला ते विचारायचं त्याने टाळलं होतं, उत्तर बरं निघालं नसतं तर एवढं मिळालेलंही हातचं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी तो तळघराच्या पायऱ्यांवर उभा होता. दफ्तरवाला म्हणाला, "घाई नव्हती ना तुम्हाला?" आणि दोघांनी मिळून मागच्या खोलीतले गठ्ठे सोडायला घेतले. दुपारपर्यंत दोघेही शिंकत होते. वही सापडली तेव्हा दफ्तरवाल्यानेच ती आधी उघडली आणि, हा मनुष्य फाइलींशिवाय कुणाला काही मोठ्याने वाचून दाखवत नसे, पण त्याने वाचलं:

'खोली एकतीस. दारास बाहेरून कुलूप. शेजारणीकडून किल्ली घेऊन उघडविले. झरोका कागदाने बुजविलेला. आत पुरुष एक, रात्रपाळी, निद्रिस्त, मोठ्याने घोरत असलेला, दोन वेळा हाक मारूनही जागा झाला नाही. मूल एक, वय अंदाजे चार, जागे. मुलाच्या घोट्यास मऊ चिंधी बांधलेली, तिचे दुसरे टोक पुरुषाच्या मनगटास. मूल चुलीच्या बाजूस सरकताच चिंधी ताणली जाऊन पुरुष तात्काळ उठून बसला. ताकीद दिली.'

"हे वाचा परत," तो म्हणाला. दफ्तरवाल्याने परत वाचलं. दोन हाकांना न उठणारा माणूस. तात्काळ उठून बसला. निरीक्षकाने हे पाहिलं, लिहिलं, आणि तरी लाल शाईने ताकीद दिली. लिहिणाऱ्याला आपण काय लिहिलं ते कळलंच पाहिजे असं नाही. त्याला रडू आलं. दफ्तरवाल्याने धुळीचंच कारण समजून पंखा बंद केला, आणि ते बरंच झालं.

संध्याकाळी घरी सगळे होते. मुलगी टेबलावर वह्या पसरून बसली होती, अण्णा पलंगावर पाय सोडून. त्याने चप्पलसुद्धा न काढता वहीतला मजकूर उतरवून आणलेला कागद खिशातून काढला आणि "अण्णा, ऐका," म्हणून वाचला, आणि म्हातारीने सांगितलेलं सांगितलं. अण्णा आपल्या उजव्या पायाच्या घोट्याकडे बघत राहिले, बराच वेळ, पायमोज्यात काहीतरी गेल्यासारखं. मुलीने पेन खाली ठेवलं होतं.

"घोरत होता?" अण्णांनी शेवटी विचारलं.

"मोठ्याने. सरकारी नोंद आहे."

"मला वाटलं..." अण्णा थांबले. त्यांचा चेहरा आधी वाकडा झाला, मग त्यावर हसू आलं, मग दोन्ही एकदमच, आणि एकोणऐंशी वर्षांचा माणूस पालथ्या हाताने डोळे पुसत म्हणाला, "अरे, बाप होता तो माझा. मी त्याला जनावर म्हणत आलो. सगळा वेळ तो आतच होता." बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिने अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. "आत होता माझ्याबरोबर," अण्णा तिला सांगत राहिले, जणू तिने ते नाकारलं होतं. खूप वेळाने त्यांना दुसरी गोष्ट सुचली, आणि ते त्याच्याकडे वळले. "मग तू रे? तुझ्यात कुठून आलं ते?"

हा प्रश्न येणार हे त्याला तळघरापासून माहीत होतं. दिवसभर त्याला हलकं वाटत होतं ते आजोबा सुटले म्हणूनच नव्हे. आजोबा सुटले म्हणजे आता त्या कडीवर दुसऱ्या कुणाचा हात उरला नव्हता, आणि नवल म्हणजे हे ओझं नव्हतं. रक्तात असतं तर ते कधी, कुठे उठेल, कुणी सांगावं. हाताचं होतं. हात त्याचा होता. त्याला तो आवरता येणार होता.

"कुठून आलं नाही, अण्णा. मीच केलं ते." मग तो मुलीकडे वळला. "मला तुझा राग आला, तुझं बोलणं लागलं, आणि मी तुला कोंडलं. चुकून नाही, त्या क्षणी मला कोंडायचंच होतं. ते फार वाईट होतं. मला माफ कर. ती कडी मी उद्या काढतो, पण कडी नसती तरी मी काहीतरी शोधलं असतं, म्हणून नुसती कडी काढून भागणार नाही हे मला कळतं. पुन्हा असं करणार नाही."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा कपाटाकडे पाहिल्यासारखं नव्हे. "किती वेळ होते मी आत?"

"दोनेक मिनिटं?"

"अकरा. मी घड्याळ बघत होते."

"अकरा," तो म्हणाला.

ती पेनाचं टोपण काढ-घाल करत विचार करत राहिली. तिला घाई नव्हती, आणि तिला घाई करायला सांगण्याची कुणाची हिंमत नव्हती. "आजोबांनी पंचाहत्तर वर्षं मनात ठेवलं," ती म्हणाली. "मी तेवढं नाही ठेवणार. पण आज लगेच पण नाही सोडणार."

"मग कधी?"

"परीक्षा संपेपर्यंत धर. मधे मधे बोलेन, पण राग आहे असं समज."

धर, म्हणाली. समज, म्हणाली. तिची परीक्षा एकोणीस दिवसांनी संपणार होती. त्याने मान डोलावली आणि खुर्ची ओढून तिच्या टेबलापासून थोड्या अंतरावर बसला, एकोणीस दिवस बसून राहायला सांगितलं असतं तरी तो बसला असता.